दीड इंच पाणी आणि माझी फी

“सार, आठवां रॉड डालूं क्या?”

बोअर मारणाऱ्या मशीनवरच्या सेल्वमने विचारलं आणि हात लिव्हरवर ठेवून माझ्याकडे बघत राहिला. इंजिन धडधडत होतं. बोअरच्या तोंडातून राखाडी चिखल बुडबुडत बाहेर येत होता. आणि चोवीस फ्लॅटमधली झाडून सगळी माणसं, कुणी बनियनवर, कुणी पूजेच्या सोवळ्यात, कुणी हातात रविवारचं मटण आणायची पिशवी घेऊन, माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणालो, “थांब. पाच मिनिटं.”

ती पाच मिनिटं पुढे दीड तास चालली.

नव्वदीच्या दशकाचा शेवट होता. जागा उमेळे, वसई रोडपासून जवळच. चिकूच्या वाड्या आणि भातशेतं तोडून तिथे बिल्डिंगा उभ्या राहत होत्या. बिल्डिंगांना नळ होते, नळांना पाणी नव्हतं. मी भूजलतज्ज्ञ. म्हणजे जमिनीखाली पाणी कुठे आणि किती असेल याचा अंदाज बांधणारा माणूस. लोक मला सरळ ‘पाणाड्या’ म्हणत आणि नारळ कुठाय म्हणून विचारत. तळहातावर नारळ ठेवून पाणी दाखवणारे वेगळे, मी जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकून वीज सोडतो आणि मीटर बघतो, हे मी नोकरीतली पहिली दोन वर्षं समजावून सांगितलं. नंतर सोडून दिलं. सरकारी खात्यातली नोकरी सोडून स्वतःचा धंदा सुरू करून मला आठच महिने झाले होते. वसई रोडला एक टेबल मावेल एवढं ऑफिस भाड्याने घेतलं होतं आणि त्याचं भाडं दुसऱ्या दिवशी, सोमवारी, द्यायचं होतं. या कामाची फी अडीच हजार. भाडंही अडीच हजार. हिशेब अगदी सोपा होता.

सोसायटीचाही सोपा होता. रोज दोन टँकर, एकाला साडेतीनशे रुपये, महिन्याला एकवीस हजार. सेक्रेटरी परब, मूळ मालवणचे, मुंबईत सरकारी कचेरीत हेडक्लार्क. त्यांनी घराघरांतून वर्गणी काढून पन्नास हजार जमवले होते. त्यात बोअर, पंप, पाइप, माझी फी, सगळं बसवायचं होतं.

सात रॉड खाली गेले होते. एक रॉड वीस फुटांचा, म्हणजे एकशे चाळीस फूट. एकशे बत्तिसाला पाणी लागलं होतं.

“किती साहेब?” परबांनी तेव्हा विचारलं होतं.

“दीड इंच.”

परबांनी दोन्ही हात वर करून जाहीर केलं, “दीड इंची पाइप भरून!” टाळ्या पडल्या. मला मध्ये पडावं लागलं. आमच्या धंद्यातला इंच पाइपचा नसतो. बोअरचं पाणी एका पत्र्याच्या पेटीत सोडतात. पेटीला व्हीच्या आकाराची खाच असते. त्या खाचेतून पाणी किती उंचीने वाहतं ते पट्टीने मोजायचं, तो इंच. दीड इंच म्हणजे तासाला साधारण चौदाशे लिटर. सात-आठ तास पंप चालवला की एक टँकर भरेल.

“म्हणजे दोनातला एक टँकर बंद,” परब म्हणाले. “महिन्याला साडेदहा हजार वाचले!”

“आणि पाणी गोडं आहे,” मी म्हणालो. पेनासारखा एक मीटर असतो, पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो. पाचशेच्या आत आकडा आला तर पाणी छान. दोन हजारांच्या पुढे कुणी तोंड लावत नाही. आमचा आकडा चारशे वीस होता. “पिण्यालायक आहे. चवीलाही छान लागेल.”

इथे थांबलो असतो तर गोष्ट इथेच संपली असती. पण मी एक वाक्य जास्त बोललो. तो माझा स्वभाव आहे, बायको अजून सांगते.

मी म्हणालो, “खाली आणखी आहे.”

सर्व्हेच्या दिवशी, जमीन विजेला किती अडवते ते मोजणाऱ्या माझ्या दुसऱ्या मीटरने एकशे नव्वद-दोनशे फुटांच्या आसपास मोठी गंमत दाखवली होती. आकडा धाडकन खाली. याचा अर्थ तिथे दगडाला मोठी भेग आहे आणि ती पाण्याने भरलेली आहे. किंवा तिथे खारं पाणी आहे. कारण खाऱ्या पाण्यातूनही वीज भराभर जाते आणि आकडा तसाच पडतो. मीटरला दोन्ही सारखेच दिसतात. आपल्या वसईत खाडी दोन्ही बाजूंना, त्यामुळे ही भीती प्रत्येक बोअरला असते. आणि एकदा का खालचं खारं पाणी बोअरमध्ये शिरलं की ते वरच्या गोड्या पाण्यातही मिसळतं. मग हातातलं दीड इंचही गेलं.

हे सगळं मी नीट सांगितलं. “आणि खाली गोडं लागलं,” मी पुढे म्हणालो, “तर तीन इंच सहज. आणि दीडाचं तीन झालं म्हणजे पाणी दुप्पट होत नाही बरं का. खाचेचं गणित वेगळं असतं. पाचपटीच्या वर जातं. एकही टँकर लागणार नाही.”

“पाचपट!” मागून कुणीतरी म्हणालं. मटणाच्या पिशव्या खाली ठेवल्या गेल्या.

परबांनी तिथेच बैठक घेतली. सभापती परब, सभागृह चिखल. हात वर करून मतदान. थांबावं म्हणणारे सोळा, पुढे जावं म्हणणारे आठ. मी सेल्वमला गाडी बंद करायला सांगणार, एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी पुढे आले. सोलापूरकडचे, बँकेत नोकरीला, हिशेबात पक्के.

“एक मिनिट. आत्ता थांबलो तर दुसरा टँकर चालूच राहणार. बरोबर? साडेदहा हजार दर महिन्याला बुडणार. वर्षाचे सव्वा लाखाच्या वर. पन्नास हजार खर्च करून सव्वा लाख बुडवायचे असतील तर थांबा.”

गर्दीत एकदम चुळबुळ झाली. परब म्हणाले होते साडेदहा हजार वाचले. कुलकर्णी म्हणत होते साडेदहा हजार बुडाले. दोघांचा आकडा एकच, खिसाही एकच. पण वाचले म्हटल्यावर जी माणसं समाधानाने घरी निघाली होती, ती बुडाले म्हटल्यावर परत फिरली. मी हे डोळ्यांनी पाहिलं आणि मला त्याचं नवल वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण मी आतून खूश झालो होतो. मला ती भेग बघायची होती. रिपोर्टमध्ये मी मोठ्या ऐटीत ‘दोनशे फूट’ लिहिलं होतं. ते खरं ठरलं तर वसईत माझं नाव झालं असतं.

“थांबा रे,” आवाज आला. हिराकाकी.

हिराकाकी तळमजल्यावर राहायच्या. ही बिल्डिंग त्यांच्याच भातशेतावर उभी होती. जमिनीच्या बदल्यात त्यांना एक फ्लॅट आणि थोडे पैसे मिळाले होते. मागच्या कुंपणालगत उरलेल्या पट्ट्यात त्यांनी मोगऱ्याची साठेक रोपं लावली होती. फुलं वसई रोडच्या बाजारात जायची. नवरा गेल्यावर घर त्यावर चालत होतं. टँकरचं पाणी झाडांना घालायला सोसायटीची बंदी होती, म्हणून त्या शेजारच्या वाडीतल्या विहिरीवरून रोज कळशा आणत. बोअर झाला की झाडांना पाणी मिळेल, असा ठराव त्यांनी परबांकडून आधीच लिहून घेतला होता.

“गोडं पानी लागलंय ना? मंग कशाला उकरताव?” त्या म्हणाल्या.

“काकी, पाचपट मिळेल,” कुलकर्णी म्हणाले.

“नि नाय मिलालं तर?”

सगळ्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. परबांनी विचारलं, “साहेब, तुम्हीच सांगा. गोडं लागायचा चान्स किती?”

“दहातून सहा,” मी म्हणालो. तो आकडा मी हवेतून काढला नव्हता. आजूबाजूचे जे बोअर मला माहीत होते, त्यावरून तेवढा निघत होता. “गोडं किंवा खारं. दहातून सहा वेळा गोडं.”

“तुमचं मत काय?”

“माझं मत, जावं.”

हिराकाकी माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. पदर कमरेला खोचलेला, पायाला चिखल. “तुमची फी किती?”

“अडीच हजार.”

“मंग लावा. गोडं आलं तर डबल घ्या. खारं आलं तर चहा पिऊन घरी जा.”

सगळे हसले. मीही हसलो. पण खरं सांगतो, हसता हसता माझा हात खिशाकडे गेला. खिशात काही नव्हतं, फी मिळायची होती. तरी हात गेला. “फी वेगळी गोष्ट आहे काकी,” मी म्हणालो. “ती कामाची असते.”

“नि आमचं पानी काय गमतीचं हाय?”

आता सगळे जास्त मोठ्याने हसले. सेल्वमला मराठी येत नव्हतं, तोही हसला. माझे कान तापले. दहातून सहा. अडीच हजार खात्रीचे सोडून पाच हजारांवर दहातून सहाची बोली. कागदावर हा सौदा माझ्या फायद्याचाच होता. मीच दिलेला आकडा होता. आणि तरीही पाचच मिनिटांपूर्वी जो आकडा मला भरभक्कम वाटत होता, तो आता चाळणीसारखा दिसायला लागला. त्यातले ते चार एकदम मोठे झाले. घरमालक दिसायला लागला, बायको दिसायला लागली, सरकारी नोकरीतली पगाराची एक तारीख दिसायला लागली.

शहाण्या माणसाने तिथे म्हटलं असतं, काकी, तुमचं बरोबर आहे, थांबूया. मला ते सुचलंही होतं. पण चोवीस घरांसमोर माघार घ्यायची?

“लावली,” मी म्हणालो.

मग काय, एकच गलका झाला. साहेबच फी लावतायत म्हटल्यावर कुलकर्ण्यांना बोलायचीही गरज उरली नाही. दुसरं मतदान, चौदा विरुद्ध दहा. पुढे जायचं.

“सेल्वम, डालो!”

सेल्वमचे पैसे फुटावर होते, फुटाला साठ रुपये. तो कधीच कुणाला थांबा म्हणत नसे आणि कधीच पुढे चला म्हणत नसे. “नीचे का किसको मालूम, सार,” एवढंच म्हणाला आणि लिव्हर ओढलं.

आठवा रॉड. एकशे साठ फूट. काळा दगड, नुसती पूड. नववा. एकशे सत्तरला तांबडा थर लागला आणि सगळ्यांच्या कपड्यांवर लाल शिंतोडे उडाले, पण मागे कुणी हटेना. बायका खिडक्यांतून ओरडून विचारत होत्या, “काय झालं?” खालून पुरुष ओरडत होते, “लाल, लाल!” जणू आम्ही काहीतरी जिंकत होतो. एकशे ऐंशी. काही नाही. परबांच्या ओठांची हालचाल चालली होती, बहुतेक रामरक्षा. मी मुठीत पूड घेऊन चोळून बघत होतो. कोरडी. दहावा रॉड चढला. एकशे नव्वद. माझ्या छातीत इंजिनापेक्षा जास्त धडधड चालली होती. मला ती आवडत होती, हेही सांगून टाकतो.

एकशे शहाण्णवला रॉड हातभर घसरला. आपोआप. जसा जिन्यावर नसलेल्या पायरीवर पाय पडावा तसा.

सेल्वम ओरडला, “सार! हटो!”

आणि पाणी आलं. आधी घरघर, मग एक उचकी, आणि मग कंप्रेसरने बोअरमधून पाण्याचा जो खांब वर फेकला तो पहिल्या मजल्याच्या ग्रिलपर्यंत गेला. माणसं भिजली, मटणाच्या पिशव्या भिजल्या, वाळत घातलेली चादर लाल झाली. कुणाला पर्वा नव्हती. परबांनी मला मिठी मारली. ओंजळी पुढे आल्या. “गोडं! गोडं आहे!” कुणीतरी ओरडलं. मी पेटीची खाच बघितली. तीन इंचांच्या वर. “साहेब, डबल! डबल!” परब ओरडत होते. मी नाचलो. पँट गुडघ्यापर्यंत चिखलात, आणि पस्तीस वर्षांचा भूजलतज्ज्ञ नाचतोय.

बोअर मोठा लागला की पहिलं पाणी वरचं असतं, साचलेलं, बोअरमध्ये आधीच असलेलं. खालचं खरं पाणी कळायला तासभर वाहू द्यावं लागतं. हे मला माहीत होतं. माझ्याशिवाय तिथे ते कुणालाच माहीत नव्हतं. मी नाच थांबवून मीटर काढला. पाचशे ऐंशी. ठीक. दहा मिनिटांनी नऊशे. मी मीटर शर्टला पुसून पुन्हा बुडवला. नऊशे वीस. अर्ध्या तासाने चौदाशे. लोक पेढे आणायच्या गोष्टी करत होते. तासाभराने सतराशे वीसवर आकडा बसला तो हललाच नाही. मी अर्धा तास आणखी वाट पाहिली. सतराशे वीस.

“काय झालं साहेब?” परबांनी विचारलं.

मी मीटर दाखवला. हळूहळू गलका बसला. कुलकर्णी ओंजळभर पाणी प्यायले. “गोडंच आहे की. जरा जड लागतंय.” दुसरं कुणीतरी प्यायलं आणि तोंड वाकडं केलं. “खारट आहे.” “खारट कुठे? तोंडाला चव नाही तुमच्या.” “तुम्ही तंबाखू खाता, तुम्हाला काय कळतंय!”

हिराकाकींनी लोट्यात पाणी घेतलं. त्यांचं माहेर मिठागरावर काम करणाऱ्यांचं. त्यांनी घोट तोंडात घोळवला, थुंकून टाकला, दुसरा घोट घेतला, तोही थुंकून टाकला.

“खारं नाय,” त्या म्हणाल्या. “गोडं नाय. मचूळ हाय.”

मचूळ. धड गोडं नाही, धड खारं नाही, असं पाणी. हा शब्द मला लहानपणापासून माहीत होता. माझ्या पुस्तकात त्याला वेगळं भारदस्त नाव होतं, तेही माहीत होतं. पण लोकांना सोपं कळावं म्हणून मी सकाळपासून ‘गोडं किंवा खारं’ एवढंच बोलत होतो. आणि बोलता बोलता स्वतःलाही तेवढंच पटलं होतं.

मग माझ्या फीचा खटला उभा राहिला. परबांचं म्हणणं, पाणी भरपूर लागलं, साहेबांना डबल द्या. कुलकर्ण्यांचं म्हणणं, गोडं लागलं तर डबल असं ठरलं होतं, हे गोडं नाही, सबब शून्य. दुसऱ्या मजल्यावरचे एक वकील म्हणाले की करारात मचुळाची तरतूदच नाही, त्यामुळे करारच रद्द. शेवटी निवाडा काकींनीच दिला.

“गोडं नाय, म्हंजे डबल नाय. खारं नाय, म्हंजे फुकट नाय. ठरले तेवढे घ्या.”

अडीच हजार. एवढा घाम गाळून मी बरोबर तिथेच आलो होतो जिथे सकाळी उभा होतो. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

मी एक मार्ग सुचवला. खालचा साठ फूट भाग सिमेंट आणि चिकणमातीने बुजवायचा. वरचं दीड इंच गोडं परत मिळण्याची बरीच शक्यता होती. “खात्री?” कुलकर्ण्यांनी विचारलं. खात्री मला आता कशाचीच द्यायची नव्हती. डोळ्यांसमोर तीन इंच पाणी धो धो वाहत होतं, ते बुजवायला कोण तयार होणार? मतदान झालं. बुजवा म्हणणारा हात एकच वर आला, काकींचा.

पैशांपुरतं बोलायचं तर कुलकर्णी हरले नाहीत. आंघोळ, कपडे, संडास सगळं बोअरवर गेलं. प्यायला आणि स्वयंपाकाला एक दिवसाआड एक टँकर. एकवीस हजारांचं बिल सव्वापाच हजारांवर आलं. थांबलो असतो तर ते साडेदहा राहिलं असतं. साबणाला फेस येत नसे, नळाच्या तोट्यांवर पांढरा थर चढे, कुणी चुकून त्या पाण्यात डाळ लावली तर ती दुपारपर्यंत शिजत नसे. पण लोक सवय करून घेतात. परब मला रस्त्यात भेटले की इतरांना सांगायचे, “आमचा बोअर यांनी दिला. तीन इंची!”

पुढच्या वर्षी पंपाच्या तक्रारीसाठी मला बोलावलं, तेव्हा मी मागच्या बाजूला गेलो. कुंपणालगतचा पट्टा रिकामा होता. मोगऱ्याला मचूळ पाणी मानवत नाही. आधी पानांच्या कडा करपतात, मग कळ्या गळतात, मग झाड. रोजच्या कळशांनी टेकीला आलेल्या काकींनी दोन महिने बोअरचंच पाणी घातलं होतं, ठरावाप्रमाणे. मग पुन्हा विहिरीच्या कळशा सुरू केल्या, पण तोवर उशीर झाला होता. आता त्या दोन घरी स्वयंपाकाला जात होत्या. मी तिथे उभा असताना त्या आल्या. “काकी, चुकलं माझं,” एवढं कसंबसं म्हणालो. मला खरंच लाज वाटत होती.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तुमची फी तर पुरी मिलाली ना?” त्यांनी विचारलं. अगदी साधेपणाने, काळजीने विचारावं तसं. मी हो म्हणालो. “मंग झालं,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यानंतर मी पंचवीस वर्षं हा धंदा केला. सातिवलीच्या गाळ्यांपासून कळंबच्या समुद्राकाठच्या कॉटेजपर्यंत शेकडो बोअर पाहिले. सरळ गोडं किंवा सरळ खारं असं स्वच्छ उत्तर क्वचित मिळालं. बहुतेक वेळा मधलंच काहीतरी लागलं, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा ज्याने नको म्हटलं होतं त्यानेच मोजली. म्हणून गिऱ्हाईक आलं आणि “साहेब, गोडं की खारं?” असं विचारायला लागलं की मी त्याला आधी बसवतो. मग विचारतो, “मचूळ लागलं तर काय करणार, आणि ते पाणी कुणाच्या वाट्याला जाणार, तेवढं लिहून द्या. मग मशीन बोलावतो.”

निम्मी गिऱ्हाईकं हे ऐकून दुसऱ्या पाणाड्याकडे जातात. उरलेल्यांशी माझं आजवर एकदाही भांडण झालेलं नाही.